निळ्या ॲस्टरच्या चौतीस कुंड्या

बी पेरून फुलं आणण्यात काही विशेष नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगतो. निदान जेवणाच्या टेबलावर बसून बोलताना तरी त्यात काहीच विशेष नसतं. बी मातीत घालायचं, वरून पाणी घालायचं, बाकीचं सगळं ऊन बघतं. माणसाला करण्यासारखं त्यात उरतंच काय? हे वाक्य मी बायकोसमोर बोललो आणि घोळाला तिथेच सुरुवात झाली.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, मोठं हॉस्पिटल. त्या हॉस्पिटलात माझी बायको हेड सिस्टर. चौतीस वर्षं नोकरी झाली तिची. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती निवृत्त होणार होती आणि हॉस्पिटलच्या सभागृहात तिला निरोप द्यायचं ठरलं होतं. थंडी नुकतीच सरत आली होती, म्हणजे अजून तीन महिने हातात होते.

"मला काही नको," ती म्हणाली. "लांबलचक भाषणं नकोत, भेटवस्तू नकोत. फक्त त्या एका दिवशी मला कुणाचं काही निस्तरायला लागू नये."

हे बोलताना माझ्याकडे रोखून बघायची काही गरज नव्हती. पण तिने बघितलं.

तसं कारण होतं म्हणा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी तिला चष्मा दिला होता. जवळचं, लांबचं, दोन्ही दिसणारा, दुकानातल्या सगळ्यात उंची काचांचा. तिने तो डोळ्यांवर चढवला, मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि एक शब्द न बोलता झोपायला निघून गेली. तेव्हापासून एक धड भेट माझ्याकडून राहूनच गेली होती.

"स्टेजवर चौतीस कुंड्या," मी जाहीर केलं. "नोकरीच्या दर वर्षाची एक. सगळ्यांत निळ्या ॲस्टरची फुलं. आणि सगळी रोपं मी स्वतः बियांपासून वाढवलेली."

निळं ॲस्टर हे तिचं आवडतं फूल. त्यामुळे ती घास तोंडाजवळ नेता नेता थांबली.

"फुलवाल्याला सांगा ना त्यापेक्षा."

"फुलवाल्याची फुलं संध्याकाळपर्यंत माना टाकतात."

"तुमची सकाळीच टाकतील."

"अगं, पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. वाचता येणाऱ्या कुणालाही जमतं ते."

"मी खत देईन हो," सासूबाई मधेच म्हणाल्या. त्या आमच्याकडेच राहतात. मागच्या दाराशी त्यांचं एक निळं पिंप आहे. गेली दोन वर्षं घरातल्या भाज्यांची सालं, देठं, नासकी-सडकी फळं, सगळं त्या पिंपात पडतं आणि वर्षाकाठी त्यातून काळंभोर खत निघतं. त्या खताचा त्यांना माझ्या दुकानापेक्षा जास्त अभिमान आहे.

"ठरलं तर मग," मी म्हणालो.

बायकोने घास तोंडात घातला आणि वाद संपवला. "स्टेजवर नुसती माती दिसू देऊ नका म्हणजे झालं."

ॲस्टरच्या बियांचं पाकीट तुम्ही कधी वाचलंय? वाचू नका. वरच्या बाजूला बशीएवढ्या निळ्या फुलाचं चित्र आणि मागे सूचना इतक्या बारीक अक्षरांत, की मी दुकानातलं भिंग आणून त्या वाचल्या. आणि सूचना तरी कसल्या? 'बी हलकेच मातीने झाकावे.' हलकेच म्हणजे किती? एक बोट की दोन? 'माती ओलसर ठेवावी, परंतु पाणी साचू देऊ नये.' म्हणजे पाणी घालू की नको? 'पुरेसे ऊन द्यावे.' पुरेसं कुणाला? मी आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसेल अशी सोय करून देतोय आणि ही माणसं छापून ठेवतात 'पुरेसे'.

शेवटी मी माझ्या डोक्याने केलं. खत चाळलं, ट्रे भरले. काचा उचलायच्या चिमट्याने एकेक बी उचलून ओळीत ठेवलं. हलकेच म्हणजे दोन बोटं असं धरून वर माती दाबली. पाणी सकाळी, दुपारी जेवायला घरी आलो की आणि संध्याकाळी. दहा दिवस ट्रेमध्ये काही म्हणजे काही हाललं नाही. मी रोज सकाळी दात घासत ट्रेसमोर उभा राहायचो आणि ट्रे माझ्याकडे उधारीवर चष्मा नेलेल्या गिऱ्हाइकासारखा कोरा चेहरा करून बघायचा.

बायको ड्युटीला जाता जाता विचारायची, "काय म्हणतायत फुलं?"

"येतायत."

"कुठून?"

अकराव्या दिवशी हिरवं टिपूस दिसलं. तेराव्या दिवशी ट्रेभर हिरवा गालिचा. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण लागेना. एक गंमत तेवढी होती. मी बी ठेवलं होतं ओळीत आणि रोपं आली होती वाटेल तिथे. कोपऱ्यात सात, मधे काहीच नाही, काठाला झुंबड. पण म्हटलं, जाऊ दे. निसर्गाला काही मी पट्टी दिली नव्हती.

सासूबाईंनी एका रोपाचं पान बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं.

"जावई, हा वास माझ्या ओळखीचा आहे."

"ॲस्टर आहे ते, आई."

"मला टोमॅटोसारखा वाटतोय."

"पाकिटावर फुलाचं चित्र आहे, आई."

"पाकिटावर असेल. पिंपात बाकी टोमॅटो बरेच गेले होते. मागे ती अख्खी पाटी नासली होती ना."

मी हसलो. आता ते हसणं आठवलं की माझे कान गरम होतात. मला वाटलं, वय झालं, नजर अधू झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला आणि नव्या नंबरचा चष्मा करून दिला. घरी येऊन त्या तडक ट्रेपाशी गेल्या. वाकून पाच मिनिटं बघत राहिल्या.

"आता तर अगदी स्पष्ट दिसतंय," त्या म्हणाल्या. "टोमॅटोच."

यावर मी त्यांच्याशी बागकामाचा विषय बंद केला. त्यांनीही केला. त्यांचा स्वभाव तसा आहे, एकदा सांगतात, फार तर दोनदा. मग आपण खड्ड्यात पडेपर्यंत शांतपणे लसूण सोलत बसतात.

पुढची अडचण उन्हाची. आमच्या मागच्या अंगणात ऊन येतं दोन तास, तेही पाहुण्यासारखं दारातूनच परत जातं. छत्तीस धट्टीकट्टी रोपं मी निवडून कुंड्यांत लावली होती आणि त्यांना जागा म्हणाल तर धुणं वाळत घालायच्या दोरीखाली. तेव्हा मला ती युक्ती सुचली. बायकोला ओळखणारी, तिच्यावर जीव असणारी चौतीस माणसं शोधायची. प्रत्येकाला एक कुंडी द्यायची. प्रत्येकाने ती आपल्या घरी उन्हात वाढवायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात आणायची. दोन माझ्याकडे राखीव. बायकोला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला वाटेल रोपं उन्हासाठी गच्चीवर गेली.

माणसं शोधायला वेळ लागला नाही. अर्धं हॉस्पिटल माझ्याकडूनच चष्मा नेतं. वॉर्डातल्या सिस्टर, रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, खालच्या दुकानातला औषधवाला, लिफ्टमन, शिवाय आमचे शेजारी. हे शेजारी पूल बांधणाऱ्या खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी असते, म्हणून सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात. खुद्द मोठ्या डॉक्टरीणबाईंनीही एक कुंडी नेली. प्रत्येक कुंडीबरोबर मी माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. सकाळी एक पेला पाणी, संध्याकाळी अर्धा, आठवड्यातून एकदा खत. औषधवाला ती वाचून म्हणाला, "जेवणाआधी की नंतर?"

इथून पुढे माझ्या दुकानाचं रुग्णालय झालं.

सकाळी शटर वर करतोय तोवर मोजपट्टी दारात हजर. "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत सव्वा इंच. खोडाचा घेर वाढलाय. रोप सव्वा अंशाने पूर्वेकडे कलतंय. काय करू?"

"फिरवून ठेवा."

"किती अंशांनी?"

ते गेले की सिस्टर. त्या गेल्या की एक्स-रेवाला. पानं वळली, पानं पिवळी पडली, पानांना भोकं पडली, खोडावर लव आली. लव का आली? चष्म्याचा नंबर काढून घ्यायला आलेलं खरं गिऱ्हाईक बाकावर बसून कंटाळायचं आणि मी आत कुणाच्या तरी रोपाच्या खोडावरच्या केसांवर व्याख्यान देत असायचो. आणि सांगतो, मला एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' असं म्हणता आलं नाही. एकदा माणूस जाणकार ठरला की त्याची फार पंचाईत होते.

औषधवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. "माझ्या रोपाला दोरे फुटलेत," तो म्हणाला.

"दोरे?"

"हिरवे. गुंडाळी होणारे. काल खिडकीची जाळी पकडली. आज गिऱ्हाइकाची पिशवी पकडली."

"फार जोमदार रोप आहे तुमचं. बडीशेप खा आणि निश्चिंत राहा," असं काहीतरी बोलून मी त्याला वाटेला लावलं.

एप्रिल अर्धा सरला आणि मोजपट्टी आले ते एकदम दबक्या आवाजात. "फूल आलं."

"वा."

"पिवळं."

मी चष्मा पुसत होतो, तो पुसतच राहिलो.

"छोटंसं आहे. चांदणीसारखं, मान खाली घातलेलं. पाकिटावर तर निळं आहे. मी जन्मभर नकाशाबरहुकूम बांधकाम केलंय हो. नकाशात निळं आणि जागेवर पिवळं, हे मला झेपत नाही."

त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. निदान 'बघून सांगतो' म्हणू शकलो असतो. दुकानात आणखी चारजणं होती, त्यातली दोघं माझ्याकडून कुंडी नेलेली. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आधी पिवळंच येतं," मी म्हणालो. "मग हळूहळू निळं होत जातं."

मोजपट्टींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन नातेवाइकांकडे बघतात. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असेल, असेल. तुम्ही मनापासून करताय हे महत्त्वाचं." आणि ते गेले.

तुम्हाला वाटेल, मी माझ्या दोन कुंड्या बघून खात्री का केली नाही? केली. पण बागकामाच्या पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे रोप भरदार होतं. मी रोज सकाळी चिमटा घेऊन दिसेल ती कळी खुडत होतो. माझ्या दोन्ही रोपांना फूल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. दोन दणकट, केसाळ, हिरव्या झुडपांकडे बघून मी रोज समाधानाने दुकानात जायचो.

त्या पिवळ्या फुलानंतर दुकानातली गर्दी एका दिवसात आटली. एकही तक्रार येईना. मी स्वतःहून विचारलं तर उत्तर एकच. "झकास."

"निळं झालं का?"

"होतंय की. झकास."

मी म्हटलं, लोक शिकले. माझ्या चिठ्ठीचा गुण आला. पण मे उजाडला आणि मला चैन पडेना. एकदा आपल्या डोळ्यांनी सगळ्या कुंड्या बघून घ्याव्यात म्हणून निघालो. मोजपट्टींच्या दारात गेलो तर ते दार अर्धंच उघडून त्यात उभे. "आत नको. सौभाग्यवतींनी फरशी पुसलीये."

"गच्चीवर आहे ना कुंडी?"

"गच्चीही पुसलीये."

औषधवाल्याच्या खिडकीला आतून वर्तमानपत्र लावलेलं. रक्त तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, कुंडी गावाला पाठवली आहे, हवा बदलायला. वॉर्डातल्या दोन सिस्टर मला लांबून बघताच जिन्याने पळाल्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं तर म्हणाल्या, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. रक्तदाब तपासलाय का एवढ्यात?" मी वैतागून घरी आलो. तीन महिने राबलो मी, आणि माझीच फुलं मलाच बघायला मिळेनात. सासूबाईंना म्हणालो, "लोक फार विचित्र वागतायत."

"कशामुळे असेल?" त्या म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दोन तास आधी सभागृहात पोचलो. स्टेजवर पायऱ्या-पायऱ्यांचं लाकडी मांडण करून घेतलं होतं, चौतीस कुंड्या मावतील असं. पहिल्या आल्या एक्स-रे विभागातल्या बाई. त्यांनी कुंडी ठेवली. त्यात झेंडू होता.

"बाई, हे?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "रागावू नका हो. माझ्या एकटीच्याच कुंडीत काहीतरी भलतंच उगवलं. टोमॅटोसारखं. मातीत कुठून बी आलं कोण जाणे. तुम्ही एवढ्या हौसेने करताय, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नर्सरीतून हे आणून लावलं. बाकीच्यांची निळी असतीलच. एक झेंडू खपून जाईल."

मी म्हटलं, ठीक आहे, चौतिसात एक खपेल.

मग मोजपट्टी आले. गुलाब. "माझा एकट्याचाच घोळ झाला," ते माझ्या कानाशी म्हणाले. "सौभाग्यवतींनी काही कालवलं असणार मातीत. कुणाला बोलू नका."

मग शेवंती. मग सदाफुली. मग जास्वंद, तिला एकच कळी, तीही मिटलेली. रक्त तपासणाऱ्या बाईंनी निवडुंग आणला होता, कारण नर्सरीत बाकी सगळं संपलं होतं. नर्सरीवाला त्यांना म्हणाला म्हणे, या महिन्यात हॉस्पिटलातल्या लोकांना झालंय तरी काय? मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या शिपायाने कागदी फुलांची कुंडी आणली आणि मातीवर खरं पाणी शिंपडून ठेवली. आणि प्रत्येक जण मला कोपऱ्यात ओढून तेच सांगत होता. माझी एकट्याचीच बिघडली. मनाला लावून घेऊ नका. बाकीच्यांची असतीलच. तेहेतीस माणसं महिनाभर एकमेकांना 'झकास, झकास' सांगत हिंडत होती.

औषधवाल्याने मोगरा ठेवला आणि चोरासारखं इकडे-तिकडे बघितलं. "माझ्या कुंडीत भोपळा आला होता," तो म्हणाला. "मोठा वेल झालाय. दुकानाचं दार उघडत नाही आता."

मी मांडणासमोर खुर्ची ओढून बसलो. पिवळं, लाल, पांढरं, गुलाबी, काटेरी, कागदी, सगळं होतं. निळं सोडून सगळं. तेवढ्यात सभागृह भरलं. बायको आली, शेवटच्या दिवसाचा पांढराशुभ्र गणवेश घालून, आणि तिला स्टेजवर नेऊन बसवलं. मला पळून जायलाही वाव राहिला नाही. माझी खुर्ची पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध होती.

मोठ्या डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. कुंड्या ठेवायला त्या स्वतः आल्या नव्हत्या. त्यांच्या समजुतीप्रमाणे एक कागदी सोडली तर बाकी तेहेतीस निळी होती. भाषणाचा कागद त्यांनी तसाच लिहून आणला होता आणि मागे वळून न बघता त्या वाचत सुटल्या. "सिस्टरांच्या यजमानांनी तीन महिने अपार कष्ट करून, स्वतःच्या हातांनी बी पेरून फुलवलेली निळ्या ॲस्टरची ही चौतीस…"

इथे त्यांनी हात मागे केला आणि वळून बघितलं. मग त्यांनी कागदाकडे बघितलं. पुन्हा मागे बघितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "तेहेतीसच आहेत बहुतेक," आणि खाली बसल्या.

खरंच एक कमी होती. त्याच वेळी मागचं दार उघडलं आणि लिफ्टमन आत आला. लिफ्ट बंद करून यायला त्याला उशीर झाला होता. छातीशी कुंडी धरली होती. कुंडीत कमरेएवढ्या काठीला सुतळीने नीट बांधलेलं रोप आणि रोपावर टोमॅटो. मोजून अकरा. आठ लाल, तीन हिरवे. भर सभागृहातून चालत तो माझ्यासमोर आला.

"साहेब, तुम्ही दिलेलं रोप," तो म्हणाला. "तुमच्या चिठ्ठीबरहुकूम वाढवलं. एक दिवस पाणी चुकवलं नाही. निळं काही झालं नाही, पण बाकी तब्येत बरी आहे."

तेहेतीस माणसांनी तेहेतीस दिशांना बघायला सुरुवात केली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. फार जुने झाले होते ते. आणि मला एकच वाक्य आठवत होतं, त्या एका दिवशी मला कुणाचं काही निस्तरायला लागू नये. तेवढं एकच मागितलं होतं तिने.

स्टेजवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मान वर केली तर बायको उभी होती. तिने लिफ्टमनला खूण करून वर बोलावलं, कुंडी हातात घेतली आणि वॉर्डात पेशंटचं बघतात तसं पान उलटून बघितलं, खोड दाबून बघितलं. मग मांडणाकडे गेली. झेंडू, गुलाब, निवडुंग, एकेक करून बघत शेवटपर्यंत गेली. कागदी फुलापाशी जरा थांबली. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांवर तोच पंचविसाव्या वर्षाचा चष्मा होता, त्यामुळे मी तिला पुरता स्पष्ट दिसत असणार.

तिने माइक घेतला.

"चौतीस वर्षांत मी एक शिकले," ती म्हणाली. "नातेवाईक काय वाटेल ते सांगतात. आपण आधी पेशंटकडे बघायचं. हा टोमॅटो आहे."

कुणी हसलं नाही. कुणाची हिंमत होईना.

"आणखी कुणाकुणाचा टोमॅटो होता?" तिने विचारलं. आवाज तोच, ज्या आवाजात ती वॉर्डात 'गोळी कुणी घेतली नाही' असं विचारते. त्या आवाजापुढे खोटं बोलता येत नाही. एक्स-रेवाल्या बाईंचा हात वर गेला. मोजपट्टींचा गेला. मग सगळ्या सभागृहात हात वर. लोक एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. "तुमचासुद्धा?" "मग झकास काय म्हणत होता?" "तुम्ही म्हणत होता म्हणून." शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनीही खांद्यापर्यंत हात उचलला. औषधवाला मागून ओरडला, "माझा भोपळा धरायचा का?"

आणि माझी बायको हसायला लागली. गणवेशात तिला मी इतक्या वर्षांत कधी हसताना बघितलं नव्हतं. टेबलाला धरून, चष्मा काढून, डोळे पुसून पुसून ती हसली. मग सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता, तीन महिने साठवलेला.

निस्तरायला तिलाच लागलं, हे मी मान्य करतो. पण घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "तेहेतीस माणसांनी तुमचं मन राखायला एवढा खटाटोप केला. माझ्यासाठी केला असता की नाही कोण जाणे."

"तुझ्यासाठीच केला," मी म्हणालो. "मला कोण विचारतं?"

मांडीवरची टोमॅटोची कुंडी तिने जरा घट्ट धरली. रिक्षा घरापाशी थांबेपर्यंत तिने त्यातला एक पिकलेला तोडून खाल्लाही. "चांगला आहे," म्हणाली. माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीला ती पहिल्यांदाच चांगलं म्हणत होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण भोपळेवाला सोडून बाकीच्या बत्तीस सज्जनांनी कुंड्यांतून काढलेले टोमॅटो फेकले नव्हते. गच्चीवर, डब्यांत, जुन्या बादल्यांत नीट लावून ठेवले होते. आता ते सगळे एकदम पिकलेत. आणि प्रत्येकाला वाटतं, पहिला मान बी देणाऱ्याचा. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर पिशव्या ठेवलेल्या असतात. मोजपट्टी तर प्रत्येक टोमॅटोवर घेर लिहून आणतात. घरी सासूबाईंच्या बरण्या संपल्या. बायको पिशवी बघितली की दार लावून घेते. नाइलाजाने मी ते दुकानातच मांडतो, काचेच्या कपाटापुढे, टोपल्यांत.

काल एक नवीन गृहस्थ आले. दारात उभं राहून त्यांनी आत नजर टाकली. एका बाजूला चष्मे, समोर सहा टोपल्या. थोडा विचार केला आणि म्हणाले, "अर्धा किलो द्या."

मी पिशवी भरून दिली. पैसे घेतले नाहीत. चष्मा बघायचाय का, हे विचारायचा मात्र धीर झाला नाही.